बारा घोड्यांचे बळ

रस्त्याने जाणारी मोटार मध्येच बंद पडली, तर चालक ती कडेला उभी करून दुरुस्त करू लागतो. आकाशात मात्र रस्त्याची कड नसते! शिवाय विमानाला आपल्या इंजिनाचे ओझेही स्वतःच्या पंखांवर तोलावे लागते. म्हणून विमानाचे इंजिन हलके हवे आणि भरवशाचेही हवे. हा मेळ पहिल्या विमानात कसा साधला गेला, ते पाहू.

अमेरिकेतील डेटन या गावी विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंचे सायकलींचे दुकान होते. इंजिनावाचून वाऱ्यावर तरंगणाऱ्या विमानातून शेकडो वेळा उड्डाण करून त्यांनी ते सावरण्याची कला हस्तगत केली होती. इ. स. १९०२ च्या अखेरीस ते इंजिनाकडे वळले. त्यांनी प्रथम हिशेब मांडला : शक्ती निदान ८ घोड्यांची असावी आणि वजन २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९० किलोग्रॅमच्या, आत असावे. अनेक कारखानदारांना पत्रे धाडली. परंतु असे इंजिन कोणीच देईना.

तेव्हा दुकानातील कारागीर चार्ली टेलर पुढे सरसावला. वजन घटावे म्हणून इंजिनाचे कवच तांबेमिश्रित ॲल्युमिनियमचे ओतवून घेतले. मुख्य दंडासाठी पोलादाच्या जाड पट्टीवर आकृती आखली, तिच्या कडेने ओळीने भोके पाडली, हातोडा व छिन्नीने नको तो भाग उडवला आणि उरलेला दंड लेथवर घासून नेमका केला. सहा आठवड्यांत चार सिलिंडरांचे इंजिन उभे राहिले.

फेब्रुवारी १९०३ मध्ये त्याची परीक्षा सुरू झाली आणि लगेच विघ्न आले. पेट्रोल गळून धारवे जखडले व कवच फुटले. इतक्या दिवसांचे श्रम वाया गेले. पण कोणी धीर सोडला नाही. नवे कवच ओतवून पुन्हा जुळणी केली. इंजिन सुरू होताच १६ घोड्यांचे बळ देई, तापल्यावर १२ घोड्यांचे. वजन सुमारे १८० पौंड भरले. अपेक्षेपेक्षा बळ अधिक आणि भार कमी! मोठे पंखे सावकाश फिरले तर हवा अधिक चांगली ढकलतात. म्हणून सायकलीसारख्या साखळ्यांनी दोन पंखे इंजिनाच्या सुमारे एक-तृतीयांश वेगाने फिरवले.

त्याच सुमारास सॅम्युएल लँग्ली या थोर शास्त्रज्ञाच्या विमानात तब्बल ५२ घोड्यांचे उत्कृष्ट इंजिन होते. तरीही ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान पोटोमॅक नदीत कोसळले. दोष इंजिनाचा नव्हता. नंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, किटी हॉकजवळच्या वाळूवरून राइट बंधूंचे विमान उडाले. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, तर त्याच दिवशीचे चौथे ५९ सेकंदांचे झाले.

आजही छोटी विमाने स्वतः बांधणाऱ्या हौशी लोकांना हाच हिशेब करावा लागतो. लहान विमानांच्या पुष्कळ इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. एक निकामी झाला, तरी दुसरा इंजिन चालू ठेवतो. तेवढा भार मात्र आनंदाने वाहिला जातो. बळ किती आहे, यापेक्षा किती हवे आणि ते कसे वापरावे, हे ज्याला उमगले, त्यालाच आकाशाने वाट दिली.