वाहनचालक-शिक्षण व अपघात-प्रतिबंध

वाहनचालक-शिक्षण व अपघात-प्रतिबंध : मोटारगाडी, मोटारसायकल, ट्रक, बस इ. यांत्रिक वाहने स्वतःला व इतरांना इजा न होऊ देता चालविण्यासाठी लागणारे ज्ञान, कौशल्य व वृत्ती यांचे पद्धतशीर शिक्षण म्हणजे वाहनचालक-शिक्षण होय. सुकाणू, क्लच, गिअर व ब्रेक यांवर हात-पाय बसविणे हा या शिक्षणाचा पहिला व तुलनेने सोपा भाग आहे. रस्त्यावर पुढे काय घडू शकेल याचा अंदाज घेऊन वेग आधीच आवरता घेणे, हा त्याचा अवघड आणि अधिक महत्त्वाचा भाग होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सु. ११ लाख ९० हजार व्यक्ती रस्त्यांवरील अपघातांत मरण पावल्या. ५ ते २९ वर्षे या वयोगटात मृत्यूचे हे सर्वांत मोठे कारण ठरले. भारतात २०२२ मध्ये ४,६१,३१२ अपघात होऊन त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. त्यांपैकी १५ हजारांहून अधिक मृत्यू महाराष्ट्रातील होते.

इतिहास : यांत्रिक वाहनांचे अपघात त्या वाहनांइतकेच जुने आहेत. आयर्लंडमध्ये १८६९ साली वाफेवर चालणाऱ्या गाडीतून पडून मेरी वॉर्ड या सूक्ष्मदर्शकावर लेखन करणाऱ्या विदुषीचा अंत झाला. लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आवारात १८९६ साली मोटारगाडीची धडक बसून ब्रिजेट ड्रिस्कॉल ही पादचारी स्त्री दगावली. चालकाची परीक्षा घेण्याची प्रथा पॅरिसच्या पोलीस खात्याने १८९३ मध्ये सुरू केली. ग्रेट ब्रिटनमध्ये मात्र १९०३ च्या कायद्याने चालकाला अनुज्ञप्ती (लायसन्स) सक्तीची झाली, तरी ती मिळविण्यासाठी शुल्क भरणे पुरेसे असे. वाहन चालविता येते की नाही, हे कोणी पाहत नसे. तेथे १९३४ मध्ये सु. २४ लाख वाहने असताना ७,३४३ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली आणि पुढील वर्षी, १ जून १९३५ पासून, परीक्षा सक्तीची करण्यात आली. वाहनांची संख्या अनेक पटींनी वाढूनही त्या देशातील वार्षिक मृत्युसंख्या २०२२ मध्ये सु. १,७०० एवढीच होती. अर्थात हे श्रेय एकट्या परीक्षेचे नव्हे. रस्ते, वाहने, वैद्यकीय मदत व कायद्याची अंमलबजावणी या सर्वांचा त्यात वाटा आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पेनसिल्व्हेनिया राज्यातील एमस नायहार्ट या प्राध्यापकांनी १९३० नंतरच्या दशकात माध्यमिक शाळेतील मुलांना वाहनचालन शिकविण्यास प्रारंभ केला. पुढे तेथील असंख्य शाळांतून तो नेहमीचा विषय झाला. भारतात १९१४, १९३९ व १९८८ असे तीन मोटार वाहन कायदे झाले. यांपैकी शेवटचा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला आणि २०१९ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या करण्यात आल्या.

वेग व थांबण्याचे अंतर : चालकाला शिकवावयाच्या सर्व गोष्टींत ही गोष्ट सर्वांत मूलभूत असूनही बहुधा सर्वांत कमी शिकविली जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारणपणे दीड सेकंद जातो. या प्रतिक्रिया कालात वाहन मूळच्याच वेगाने पुढे जात असते. त्यानंतर ब्रेक लागून ते थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाल्यास हे अंतर चौपट होते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ५० किमी. वेगाने जाणारी मोटारगाडी एकूण सु. ३५ मी. अंतरात थांबते. ताशी १०० किमी. वेगाने तिला जवळजवळ १०० मी. लागतात आणि रस्ता ओला असल्यास याहून बरेच अधिक.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होतो. गाडीपुढे बरोबर ३५ मी. अंतरावर एखादे मूल चेंडूमागे धावत रस्त्यावर आले, अशी कल्पना केल्यास ताशी ५० किमी. वेगाची गाडी त्याच्यापाशी येऊन थांबेल. वेग ताशी ६० किमी. असेल, तर प्रतिक्रिया कालातच २५ मी. संपतात, उरलेल्या १० मी. मध्ये ब्रेक कितीही करकचून दाबला, तरी गाडी मुलाला ताशी सु. ४३ किमी. वेगाने धडकते. चालकाच्या मते दोन वेगांत केवळ दहा किमी. चा फरक असतो. सरासरी वेग एक टक्क्याने वाढल्यास प्राणघातक अपघात सु. चार टक्क्यांनी वाढतात, असे स्वीडनमधील अभ्यासावरून दिसून आले आहे, त्याचे मूळ या गणितात आहे. नवशिक्या चालकाला ही अंतरे मोकळ्या मैदानात खुणा करून, स्वतः ब्रेक दाबावयास लावून, दाखविणे सहज शक्य आहे.

घाटातील वाहनचालन : जड वाहनाच्या चालकाला उतारावर जे ठाऊक असावे लागते, ते सपाट मैदानावरील परीक्षेत दिसून येत नाही. लोणावळा-खंडाळ्याहून बोरघाटाने खोपोलीकडे उतरणारे वाहन सु. ५०० मी. खाली येते. २५ टन वजनाच्या ट्रकच्या बाबतीत या उतरणीत जी ऊर्जा मुक्त होते, ती सु. ३६५ लि. पाणी २०° से. पासून उकळीपर्यंत तापविण्यास पुरेशी असते. यातील काही भाग हवेचा व टायरांचा विरोध खर्ची घालतो. उरलेल्या ऊर्जेला दोनच वाटा असतात : एंजिन किंवा ब्रेक. खालचा गिअर घातल्यास एंजिनच गाडीला मागे खेचून धरते. म्हणून ज्या गिअरने चढ चढावा त्याच गिअरने उतार उतरावा, असा जुन्या चालकांचा नियम आहे. इंधन वाचविण्यासाठी गाडी ‘न्यूट्रल’मध्ये टाकून, प्रसंगी एंजिनही बंद करून, उतरण्याची सवय अनेकांना असते. अशा वेळी सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेकचे अस्तर तापून त्याची पकड सुटत जाते आणि एंजिन बंद असल्यास हवेच्या ब्रेकना दाबाखालील हवेचा नवा पुरवठाही होत नाही. ‘ब्रेक निकामी झाल्याने अपघात’ अशी जी नोंद होते, तिच्यामागे पुष्कळदा यंत्राचा दोष नसून ही सवय असते. ती सवय चालकाच्या बेफिकिरीतून येते असेही नेहमी म्हणता येत नाही. वाचविलेल्या डिझेलवर त्याच्या मिळकतीचा काही भाग अवलंबून असेल, तर वर्गातील शिकवणीचा प्रभाव घाटमाथ्यापर्यंतही टिकत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर (लांबी सु. ९४ किमी.; २००२ मध्ये पूर्ण) २०१६ साली १५१ व्यक्ती मृत्यू पावल्या होत्या. त्यानंतर रस्त्याच्या कडेचे कठडे, वेगावरील देखरेख, थांबलेली वाहने हटविणे, तातडीची वैद्यकीय मदत व चालकांचे प्रबोधन असे उपाय एकत्रितपणे योजण्यात आले आणि पुढील काही वर्षांत ही संख्या बरीच खाली आली.

शिक्षणाची परिणामकारकता : शिकविलेला चालक न शिकविलेल्यापेक्षा अधिक सुरक्षित असणारच, हे इतके उघड वाटते की, अनेक वर्षे कोणी ते तपासून पाहिले नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या डीकॅल्ब परगण्यात १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सु. १६,००० विद्यार्थ्यांवर याचा मोठा प्रयोग करण्यात आला. एका गटाला विस्तृत शिक्षण, दुसऱ्याला परीक्षेपुरते किमान शिक्षण देण्यात आले आणि तिसऱ्याला शाळेत काहीच शिकविले नाही. अपघातांच्या दीर्घकालीन नोंदींत या गटांमध्ये अपेक्षित असा टिकाऊ फरक आढळला नाही. कनेटिकट राज्यात शाळांतील या शिक्षणाचे अनुदान १९७६ मध्ये थांबविल्यावर किशोरवयीन मुलांचे अपघात कमी झाले. कारण शिक्षण मिळाल्यामुळे ज्यांना लवकर अनुज्ञप्ती मिळत असे, ती मुले आता उशिरा रस्त्यावर येऊ लागली. नॉर्वेतील अनुभव याहून बोलका आहे. तेथे १९७९ पासून निसरड्या रस्त्यावर घसरणारी गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे झाले आणि नंतरच्या पाहणीत तरुण पुरुष चालकांचे घसरून होणारे अपघात कमी न होता वाढलेले दिसले. गाडी सावरता येते हा विश्वास आल्यामुळे ती घसरेल अशा वेगाने नेण्याचा धीर त्यांना आला होता. ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांनी आपले वाहनचालन सरासरीहून सरस असल्याचे सांगितले, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

यावरून शिक्षण निरुपयोगी ठरते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. हातांचे कौशल्य वाढविणारे शिक्षण अपुरे पडते, धोका ओळखावयास लावणारा व संयम अंगी बाणविणारा दीर्घ सराव उपयोगी पडतो, असा या प्रयोगांचा रोख आहे. स्वीडनमध्ये १९९३ साली अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली सराव करण्याचे किमान वय १६ वर्षांवर आणण्यात आले. अनुज्ञप्तीचे वय १८ हेच राहिले. ज्यांनी या सवलतीचा लाभ घेतला, त्यांचा सराव पूर्वीच्या दुपटीहून अधिक, म्हणजे शंभरावर तास झाला आणि स्वतंत्रपणे गाडी चालवू लागल्यावर त्यांचे अपघात लक्षणीय प्रमाणात कमी झाले. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने अनुज्ञप्ती देण्याची पद्धत सुरू केली. तीत नवशिक्यास आरंभी रात्री उशिरा गाडी चालविण्यास व देखरेखीविना सोबत प्रवासी नेण्यास मनाई असते. मित्रांनी भरलेली गाडी, रात्र आणि अठरा वर्षांचा चालक हा योग बहुतेक देशांत सारखाच घातक ठरला आहे. ब्रिटनमध्ये २००२ पासून लेखी परीक्षेबरोबर धोका ओळखण्याची चाचणीही घेतली जाते. तीत चित्रफितीत उद्भवणारा धोका उमेदवाराने किती लवकर हेरला यावर गुण दिले जातात.

भारतातील स्थिती : प्रथम शिकाऊ अनुज्ञप्ती घेऊन किमान ३० दिवसांनी प्रत्यक्ष चाचणी देता येते. गिअर असलेली दुचाकी व मोटारगाडी यांसाठी किमान वय १८, तर प्रवासी व माल वाहतुकीच्या वाहनांसाठी २० वर्षे आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्रशिक्षण संस्थेतील खाजगी वाहनाच्या शिक्षणक्रमाची मुदत किमान २१ दिवसांची असून त्यात प्रत्यक्ष चालविण्याचे किमान दहा तास येतात. स्वीडनमधील शंभर तासांशी तुलना केल्यास दहा तासांत काय साधते याची कल्पना येते. शिवाय खाजगी वाहनासाठी संस्थेत शिकणे बंधनकारक नाही. आठच्या आकड्याच्या आकाराच्या मार्गावर दुचाकी फिरविणे किंवा थोडे अंतर गाडी मागे घेणे जमले, म्हणजे चालक तयार झाला, अशी समजूत यातून रूढ झाली आहे. स्वयंचलित चाचणी-पथांमुळे परीक्षा निःपक्षपाती होते. पण शाळेसमोर वेग कमी करण्याची बुद्धी त्या पथावर मोजता येत नाही. पुण्यातील केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेने (स्थापना १९६७) एस.टी. सारख्या सार्वजनिक परिवहन उपक्रमांसाठी प्रशिक्षणाचे कार्य केले आहे. घराघरांतील दुचाकीस्वाराला असे शिक्षण क्वचितच मिळते. २०२२ मधील मृतांत दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण सु. ४४ टक्के, तर पादचाऱ्यांचे सु. १९ टक्के होते. म्हणून मोटारगाडीच्या चालकाला शिकवावयाचा रस्ता हा मुख्यतः पायी चालणाऱ्यांचा, सायकलींचा व दुचाकींचा रस्ता होय. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने केली आहे.

इतर उपाय : पोलिसांच्या नोंदींत बहुतेक अपघात चालकाच्या चुकीखाली जातात व तेथेच तपास संपतो. अमेरिकी वैद्य विल्यम हॅडन यांनी अपघाताचे पूर्वी, होताना व नंतर असे तीन टप्पे पाडून प्रत्येकात माणूस, वाहन व परिसर यांचा वेगवेगळा विचार करण्याची पद्धत घालून दिली. माणूस चुकणारच असे धरून रस्ता व वाहन यांची आखणी करावी, हे स्वीडनने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या धोरणाचे सूत्र आहे. निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये व्होल्व्हो कंपनीसाठी तयार केलेला तीन ठिकाणी बांधला जाणारा आसनपट्टा पुढील आसनावरील व्यक्तीच्या मृत्यूचा संभव सु. ४५ टक्क्यांनी कमी करतो. शिरस्त्राणामुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा संभव सु. ४२ टक्क्यांनी कमी होतो. भारतात १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ. हून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. निद्रानाश व सतत चालविण्याचा थकवा हे तितकेच घातक असूनही त्यांना मोजण्याचे असे सोपे साधन नाही.

अपघातानंतर जखमी व्यक्तीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे वाहनचालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. मदतीस धावणाऱ्या तिऱ्हाईताला चौकशीचा जाच होऊ नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केलेल्या मार्गदर्शक सूचनांना २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात स्थान मिळाले. त्यानुसार अशा व्यक्तीवर आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. महाराष्ट्रात १०८ या दूरध्वनी क्रमांकावरील रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली.