भूगोलाचा न झालेला पेपर

२३ मार्च २०२०, सोमवार. दहावीचा शेवटचा पेपर, भूगोल, चाळीस गुणांचा. कोविडच्या साथीमुळे तो झालाच नाही. आधी पुढे ढकलला आणि १२ एप्रिलला शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी रद्द झाल्याचं जाहीर केलं. तरीही २९ जुलैला निकाल लागला तेव्हा राज्यातल्या सुमारे १७ लाख मुलांच्या खात्यात भूगोलाचे गुण होते. इतर विषयांच्या लेखी पेपरांत मिळालेल्या गुणांची सरासरी काढून ते दिले होते.

शाळा बंद, परीक्षा रद्द, आणि तरी गुण जागेवर. शाळा बंद होते म्हणजे नेमकं काय बंद होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. ठाणे जिल्ह्यात त्याचं उत्तर शोधायला गेलं की एका साध्या वाटणाऱ्या आदेशामागे केवढी यंत्रणा हलते ते दिसतं.

त्या यंत्रणेचं मूळ सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे. १८९६च्या पावसाळ्याच्या शेवटी मुंबईत मांडवीच्या वस्तीत प्लेग आढळला. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला. जेमतेम चार कलमांचा! त्याच काळात मुंबईहून निघालेल्या प्रवाशांना कल्याण स्थानकात उतरवून तपासत होते, कारण देशाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला जाणारे रूळ तिथेच वेगळे होतात. तोच कायदा १३ मार्च २०२०ला महाराष्ट्राने पुन्हा हाती घेतला. दुसऱ्या दिवशी नियमावली निघाली आणि तिने जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्त यांना ‘सक्षम अधिकारी’ ठरवलं. जोडीला २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होताच. जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचा प्रमुख जिल्हाधिकारी असतो, ते त्याच कायद्याने.

आता ठाणे जिल्ह्याचा नकाशा समोर धरा. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, भिवंडी-निजामपूर, उल्हासनगर: एकाच जिल्ह्यात सहा महापालिका. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपालिका, मुरबाड आणि शहापूर या नगरपंचायती, आणि उरलेल्या गावांत जिल्हा परिषदेच्या शाळा. महापालिकेच्या हद्दीत आयुक्तांचा आदेश चालतो, हद्द संपली की जिल्हाधिकाऱ्यांचा. लोकलमध्ये बसलेल्या माणसाला ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर ही एकच सलग वस्ती दिसते, पण शाळेच्या फाटकाला कुलूप लावण्याचा अधिकार त्या वाटेत कितीतरी वेळा हात बदलतो. राज्याने १४ मार्चला आधी शहरांतल्याच शाळा बंद केल्या, गावांतल्या दोन दिवसांनी. गर्दी शहरात आणि विषाणूही विमानतळामार्गे आधी शहरात, असा त्यामागचा हिशेब.

आदेश निघाला की तो शिक्षणाधिकाऱ्यांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून केंद्रप्रमुखाकडे आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या फोनवर येतो. आणि इथेच खरं नवल सुरू होतं. कुलूप वर्गाला लागतं, बाकी काहीच थांबवता येत नाही. पोषण आहाराचं काय? १८ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा प्रश्न हाती घेतला, आणि राज्याने शिल्लक तांदूळ आणि डाळी कोरड्या शिध्याच्या रूपात पालकांना वाटायला सांगितलं. शिजवणं थांबलं, पण मोजणं, नोंद ठेवणं, सही घेणं चालू राहिलं. शाळा सोडल्याचा दाखला मागायला पालक येतच होते. कुठे शाळेच्या इमारतीत विलगीकरण केंद्र उघडलं. शिक्षक साथीच्या कामाला लागले, आणि १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी ताप आणि प्राणवायू मोजत फिरणाऱ्या पथकांतही अनेक जण होते. अभ्यासाच्या बाजूला राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला होती आणि सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून ‘टिलीमिली’ ही मालिका. ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही बाबांबरोबर कामावर जाणारा, त्या घरातल्या मुलांसाठी दूरदर्शन हाच वर्ग होता.

पण शाळा बंद करावीच का? हा वादही जुना आहे. १९१८च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या सेंट लुईसने ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच शाळा बंद केल्या, आणि पुढे अभ्यासकांना दिसलं की लवकर आणि एकाच वेळी अनेक बंधनं घालणाऱ्या शहरांत मृत्यूंचा कळस बसका राहिला. त्याच साथीत न्यूयॉर्क आणि शिकागोने मात्र शाळा चालू ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांचं म्हणणं असं होतं की दाटीवाटीच्या खोल्यांतल्या मुलांना स्वच्छ, हवेशीर वर्गात रोज डॉक्टर आणि नर्स पाहतात. घरी पाठवून त्यांचं भलं होणार नाही. हे वाचलं आणि डोंबिवलीतल्या चाळींतल्या खोल्या डोळ्यांसमोर आल्या. बारा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं दिवसभर कोंडलेली असतील, तर ‘घरी सुरक्षित’ या शब्दांना किती वजन द्यायचं? फ्लूमध्ये मुलं साथ वेगाने पसरवतात, म्हणून शाळा बंद करणं तिथे जास्त उपयोगी पडतं. २००९मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी मुंबईने शाळा सात दिवस बंद ठेवल्या होत्या. सात दिवस! कोविड आला तेव्हा त्याचा स्वभाव कोणालाच ठाऊक नव्हता. आधी फाटक लावणं मला आजही योग्य वाटतं. ते इतका काळ लावून ठेवणं मात्र मनाला टोचतं.

कारण बंद करायला एक आदेश पुरला, उघडण्याला शेवट येत नव्हता. २३ नोव्हेंबर २०२०पासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला राज्याने मुभा दिली, पण शेवटचा शब्द स्थानिक प्रशासनावर सोडला. मुंबई आणि ठाण्याने ३१ डिसेंबरपर्यंत नकार दिला. जिथे वर्ग भरले तिथे शिक्षकांची आरटीपीसीआर चाचणी, पालकांचं लेखी संमतिपत्र, बाकावर एकच मूल, अशा अटी होत्या. मग दुसरी लाट आली, आणि २०२१मध्ये दहावीची अख्खी परीक्षाच रद्द झाली. नववीचे गुण आणि शाळेतलं मूल्यमापन यांवर निकाल लागला: ९९.९५ टक्के.

जुलै २०२१चा शासन निर्णय मला सगळ्यात सुंदर वाटतो. ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही तिथे आठवी ते बारावीचे वर्ग उघडता येतील, आणि ते ठरवेल सरपंचांच्या अध्यक्षतेखालची समिती. मंत्रालयातून सुटलेला अधिकार अखेर शहापूर-मुरबाडच्या डोंगरातल्या ग्रामपंचायतीपर्यंत पोचला. शहरांना थांबावं लागलं. १ डिसेंबरला पहिलीपासूनच्या वर्गांना राज्याची परवानगी मिळाली आणि ४ डिसेंबरला राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण सापडला, तोही कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत. जानेवारीत १५ फेब्रुवारीपर्यंत पुन्हा कुलूप; पण या वेळी दोनच आठवड्यांत निर्णय फिरला आणि २४ जानेवारी २०२२पासून शाळा उघडायची परवानगी मिळाली, स्थानिक प्रशासनाच्या मर्जीने.

मागे राहिलेलं भरून काढायला शैक्षणिक संशोधन परिषदेने १ जुलै २०२१पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला होता: मागच्या इयत्तेतलं आवश्यक तेवढं, रोजची कृतिपत्रिका, मधूनमधून चाचणी. पण दिवाळीनंतर भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांतल्या मुलाला ती कृतिपत्रिका द्यायची, तर आधी मूल सापडायला हवं. जुलै २०२२मध्ये राज्याने ‘मिशन झीरो ड्रॉपआउट’ नावाने शाळाबाह्य मुलांचा शोध घेतला. शिक्षक पुन्हा यादी घेऊन वस्त्या-पाड्यांवर निघाले. या वेळी ताप मोजायला नाही, नाव विचारायला.