पीएचडीसाठी गेमिंग लॅपटॉप घेताय? कार्डाचं नाव नंतर, आधी वॅट बघा

दर वर्षी प्रवेशाचे निकाल लागले की मला एक ठरलेला मेसेज येतो. "ताई, पीएचडीला सिलेक्शन झालं. यातला कुठला लॅपटॉप घेऊ?" खाली तीन लिंक असतात आणि तिन्ही गेमिंग लॅपटॉपच्या असतात. घरी मात्र वेगळाच प्रश्न विचारला जातो: "संशोधन करायचंय की गेम खेळायचेत?"

घरच्यांना सांगण्यासारखं एक उत्तर आहे. २०१२ साली अ‍ॅलेक्सनेट नावाच्या मॉडेलनं प्रतिमा ओळखण्याच्या स्पर्धेत बाकीच्यांना खूप मागे टाकलं, आणि डीप लर्निंगची आजची लाट तिथून सुरू झाली असं मानतात. ते मॉडेल जीटीएक्स ५८० या दोन ग्राफिक्स कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकवलं होतं. ही कार्डं गेम खेळणाऱ्यांसाठीच बाजारात आलेली होती. एकेका कार्डावर फक्त ३ जीबी मेमरी होती, त्यात मॉडेल मावेना, म्हणून ते दोन कार्डांवर विभागावं लागलं. मेमरीची ही अडचण लक्षात ठेवा, तुम्हालाही ती भेटणार आहे.

म्हणजे गेमिंग लॅपटॉप घेणं चूक नाही. प्रश्न कुठला घ्यायचा हा आहे, आणि तो पैशांचा आहे. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये आहे. लाखाच्या आसपासचा लॅपटॉप म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची फेलोशिप, आणि ती दर महिन्याला वेळेवर येईलच असं नाही. शिवाय हेच यंत्र चार-पाच वर्षं वापरायचंय. मी स्वतः यात एक चूक केली. तीच तुम्ही करू नये म्हणून हा लेख.

माझी चूक काय झाली

मी सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींच्या प्रतिमांवर काम करते. २०२१ च्या शेवटी मी आरटीएक्स ३०६० असलेला एक सडपातळ लॅपटॉप घेतला. माझ्या लॅबमेटनं त्याच सुमारास तेच कार्ड असलेला, पण जाडजूड लॅपटॉप घेतला. मी तिला हसलेही होते, "हे काय वीट घेऊन आलीस!"

पहिल्या मोठ्या ट्रेनिंगला माझ्या मशीनला साडेनऊ तास लागले. तोच कोड, तोच डेटा, तिच्याकडे सात तासांच्या आत काम संपलं. माझ्याच कोडमध्ये काहीतरी गडबड आहे असं धरून मी दोन आठवडे बग शोधत बसले. गाइडच्या मीटिंगमध्ये दाखवायला काही नव्हतं. शेवटी दोघींनी एनव्हिडियाचा 'एनव्हिडिया-एसएमआय' हा छोटा कमांड चालवला. तो कार्ड किती वीज खातंय ते दाखवतो. माझ्या कार्डाला मर्यादा ६५ वॅटची होती, तिच्या कार्डाला ११५ वॅटची.

कोड ठीक होता. दोन्ही कार्डांचं नाव एक असलं तरी त्यांना मिळणारी वीज वेगळी होती, एवढंच.

टीजीपी: जाहिरातीत बारीक अक्षरात लिहिलेला आकडा

ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. या आकड्याला टीजीपी म्हणतात. एनव्हिडियानं लॅपटॉपच्या आरटीएक्स ३०६० साठी ही मर्यादा ६० ते ११५ वॅट ठेवली होती. आरटीएक्स ४०६० साठी ती ३५ ते ११५ वॅट आहे. म्हणजे दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन '४०६०' मध्ये तिपटीहून जास्त फरक असू शकतो आणि दोन्ही डब्यांवर स्टिकर मात्र एकच असतो.

वीज दुप्पट झाली म्हणून वेग दुप्पट होत नाही. चिपची वारंवारिता वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वर जाताना प्रत्येक वॅटमागे मिळणारा फायदा कमी होत जातो. या वर्गातल्या कार्डांना ५० वरून ८०-९० वॅटवर गेल्यावर फरक चांगला जाणवतो, ११५ च्या पुढे तो किरकोळ असतो. म्हणून सर्वांत जाड लॅपटॉप घ्यायची गरज नाही. ८० ते १०० वॅट देणारा आणि उचलता येईल असा मधला पर्याय शोधा. कंपनीच्या साइटवर तांत्रिक माहितीच्या पानावर हा आकडा बहुतेक वेळा असतो. नसेल तर त्याच मॉडेलचं सविस्तर परीक्षण वाचा. तरीही सापडला नाही, तर तो लॅपटॉप यादीतून काढा.

मेमरी: गणित स्वतः करून बघा

दुसरा आकडा कार्डावरच्या मेमरीचा, म्हणजे व्ही-रॅमचा. वेग कमी असेल तर काम उशिरा होतं. मेमरी कमी असेल तर काम सुरूच होत नाही.

हिशोब सोपा आहे. मॉडेलमधला प्रत्येक पॅरामीटर साधारण ४ बाइट घेतो. अ‍ॅडम पद्धतीनं ट्रेनिंग करताना त्या पॅरामीटरसोबत त्याचा ग्रेडियंट आणि आणखी दोन संख्या साठवाव्या लागतात. म्हणजे प्रत्येक पॅरामीटरमागे १६ बाइट.

रेसनेट-५० मध्ये सुमारे २.५६ कोटी पॅरामीटर आहेत. गुणिले १६, म्हणजे साधारण ४१० एमबी. आरामात बसेल. बर्टच्या लहान आवृत्तीत ११ कोटी आहेत, म्हणजे पावणेदोन जीबी. मोठ्या आवृत्तीत ३४ कोटी, म्हणजे जवळजवळ साडेपाच जीबी. ६ जीबीचं कार्ड इथेच भरलं. शिवाय मधल्या थरांची उत्तरं साठवायला लागणारी जागा यात धरलेलीच नाही, आणि बॅच मोठी केली की तीही वाढते. कमी अचूकतेच्या संख्या वापरून किंवा बॅच लहान करून थोडी वाट निघते, पण मर्यादा मर्यादाच राहते.

आता नावांचा घोळ बघा. लॅपटॉपच्या ४०५० ला ६ जीबी मेमरी आहे. ४०६० ला ८ आणि ४०७० लाही ८. म्हणजे ४०६० सोडून ४०७० घेतलं तर वेग वाढेल, पण मॉडेल मोठं बसणार नाही. ४०९० चं डेस्कटॉप कार्ड २४ जीबीचं, तर त्याच नावाचं लॅपटॉप कार्ड १६ जीबीचं आहे. म्हणून डेस्कटॉपचं परीक्षण वाचून लॅपटॉप घेऊ नका. ८ जीबीच्या खाली उतरू नका, आणि १२ किंवा १६ बजेटात बसत असेल तर बाकीच्या चैनीवर पाणी सोडून तेवढं घ्या.

तुमच्या कामाला हे कार्ड लागतं का?

हा प्रश्न खरं तर सर्वांत आधी विचारायला हवा. क्वांटम केमिस्ट्रीसारख्या अनेक गणनांना दुहेरी अचूकता लागते. आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेतल्या कार्डांचा दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या फक्त १/६४ असतो. डेटा सेंटरसाठी बनवलेल्या ए१०० कार्डावर तो निम्मा असतो. तुमचं काम दुहेरी अचूकतेचं असेल तर कार्डावरचे पैसे वाचवा आणि प्रोसेसर, रॅमवर लावा. याउलट ग्रोमॅक्ससारखं रेणूंच्या हालचालींचं सॉफ्टवेअर मिश्र अचूकतेत चालतं, त्याला गेमिंग कार्डाचा छान उपयोग होतो.

तुमच्या संस्थेत काय आहे तेही विचारा. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली इतरही अनेक संस्थांत अशी यंत्रं बसवली आहेत. मोठे रन तिथे जाणार असतील तर लॅपटॉपचं काम कोड लिहिणं, छोट्या डेटावर तपासणं आणि आलेख काढणं एवढंच उरतं. मग ८ जीबीचं कार्ड पुष्कळ झालं. निवडीनंतर गाइडला किंवा सीनिअरला एक साधा ईमेल करा: "लॅबमध्ये कोणतं सॉफ्टवेअर वापरतात आणि रन कुठे चालतात?" त्या एका ईमेलनं तीस-चाळीस हजार वाचू शकतात.

बाकीचे भाग, थोडक्यात

*प्रोसेसर:* आठ कोअर पुरेसे आहेत. नावाच्या शेवटी 'एच', 'एचएस' किंवा 'एचएक्स' असेल तर तो जास्त विजेच्या वर्गातला. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि कार्ड एकाच कूलिंगवर थंड होतात. सडपातळ बॉडीत तगडा प्रोसेसर घातला की तो कार्डाच्याच वाट्याची उष्णतेची जागा खातो.

*रॅम:* १६ जीबीपासून सुरुवात करा, ३२ चं ध्येय ठेवा. ती नंतर बदलता येते का हे जास्त महत्त्वाचं. माहितीत 'एसओ-डिम' असेल तर स्लॉट आहे. 'एलपीडीडीआर' असेल तर रॅम बहुतेक वेळा बोर्डावर कायमची जोडलेली असते, मग सुरुवातीलाच ३२ घ्या. स्लॉट असतील तर एका पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या लावा, म्हणजे दोन्ही चॅनल वापरले जातात.

*साठवण:* ५१२ जीबीत विंडोज, लिनक्स आणि डेटा कोंबणं म्हणजे कुचंबणा. दुसरा एम.२ स्लॉट रिकामा असेल तर आत्ता ५१२ चालेल, पुढच्या वर्षी भर घाला.

*स्क्रीन:* १४४ हर्ट्झचं कौतुक गेमसाठी. तुम्ही दिवसभर पेपर वाचणार आणि कोड लिहिणार, म्हणून १६:१० ची उंच स्क्रीन बघा. १९२०×१०८० ऐवजी १९२०×१२०० घेतली तर १२० ओळी जास्त मिळतात. माहितीत '४५ टक्के एनटीएससी' असेल तर रंग फिके दिसतील. प्रतिमांवर काम असेल तर पूर्ण एसआरजीबी हवाच.

*वजन आणि बॅटरी:* फक्त लॅपटॉपचं वजन बघू नका, चार्जर धरून मोजा. हॉस्टेल ते लॅब रोज दोन-अडीच किलो आणि वर चार्जरची वीट, हे खांद्याला वर्षभरानं कळतं. ९० वॉट-तासांची बॅटरी आणि १५० वॅटचं काम, भागाकार करा: ३६ मिनिटं. म्हणून बॅटरीवर असताना लॅपटॉप कार्डाची वीज स्वतःच कमी करतो. रन चार्जरवरच लावायचे. बॅटरी बघायची ती वाचन-लेखनासाठी. यूएसबी-सी वरून चार्ज होत असेल तर लायब्ररीत छोटा चार्जर नेता येतो. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी वेगळ्या परवानगीशिवाय हातातल्या सामानात नेता येते. बऱ्याच मोठ्या गेमिंग लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ च्या आसपास थांबतात त्या यामुळेच.

मग क्रम कसा लावायचा?

कागदाच्या डाव्या बाजूला नंतर बदलता येणाऱ्या गोष्टी लिहा: स्लॉटमधली रॅम, एसएसडी, बाहेरचा मॉनिटर, कीबोर्ड. उजवीकडे न बदलणाऱ्या लिहा: कार्डाची मेमरी, टीजीपी, कूलिंग, बोर्डावरची रॅम, लॅपटॉपची स्क्रीन, वजन. आजचे पैसे उजव्या बाजूला लावा. डावी बाजू पुढच्या फेलोशिपमधून हळूहळू होते.

लॅपटॉप घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत तो अर्धा-पाऊण तास पूर्ण ताणावर चालवा आणि दुसऱ्या खिडकीत वॅट व तापमान बघत राहा. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे सगळ्यांचेच चांगले असतात. तिसाव्या मिनिटाला जो वॅट दिसतो, तो तुमचा खरा लॅपटॉप. पंख्यांचा आवाजही तेव्हाच ऐका, कारण रात्री रन लावून त्याच खोलीत झोपायचंय.

माझा सडपातळ लॅपटॉप अजून चालतोय. पेपर त्याच्यावरच लिहिते आणि मोठे रन क्लस्टरवर पाठवते. गेले ते दोन आठवडे मात्र परत आले नाहीत. यंत्र मंद आहे की आपण चुकतोय, हा संशय पहिल्या वर्षात फार महागात पडतो. तो टाळण्यासाठी खरेदीआधी एक संध्याकाळ आकडे वाचण्यात घालवा.