मायना, मजकूर आणि मुक्काम

वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्ती याने चौथ्या शतकात वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीम नगरातून, एका ग्रामदानाची सनद काढली. १९३९ साली ताम्रपटाच्या रूपाने ती उजेडात आली. तीत राजाची वंशावळ संस्कृतात असून, कोणते गाव कोणास कोणत्या सवलतींसह दिले हा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात आहे. आणि गावाचा ठावठिकाणा सांगताना आधी नांदेडचा उत्तरेकडील मुलूख, मग त्यातील एक खेडे, आणि त्या खेड्याजवळचे दानाचे गाव, असा मोठ्याकडून लहानाकडे उतरणारा क्रम पाळला आहे. आज्ञा लिहिणाऱ्याचा पृथ्वीवरच्या प्रत्येक गावाशी परिचय असण्याचे प्रयोजन नव्हते. मुलुखाचे नाव नेमके असले की पुढचा शोध त्या मुलुखातील अधिकाऱ्याने घ्यावा, हा त्या क्रमामागील हिशेब होय.

संगणकांचे जाळे याच हिशेबावर चालते. रिसोडच्या एखाद्या विद्यार्थिनीने पुण्यास छायाचित्र धाडले, तर ते अखंड जात नाही. तीन मेगाबाइटच्या चित्राचे, प्रत्येकी सुमारे दीड हजार बाइटचे, दोन हजारांवर तुकडे पडतात, आणि त्यांतील प्रत्येकावर प्रेषकाचा पत्ता, प्रापकाचा पत्ता व अनुक्रमांक असा मायना चढविला जातो. पत्ता म्हणजे शून्य ते २५५ यांमधील चार संख्या. त्यांतील आरंभीचा भाग जाळ्याचा निर्देश करतो व उरलेला त्या जाळ्यातील यंत्राचा. असे पत्ते सुमारे ४२९ कोटी होऊ शकतात, आणि तेवढेही अपुरे पडल्यामुळे आता अधिक लांब पत्त्यांची पद्धत रूढ होत आहे.

एकाच कचेरीतील यंत्रांना परस्परांशी जोडणारे उपकरण म्हणजे स्विच, आणि एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्याकडे वाट दाखविणारा तो राउटर. या राउटरचा स्वभाव मोठा मननीय आहे. त्याला संपूर्ण मार्ग ठाऊक नसतो. मायना वाचून पुढचा मुक्काम कोणता एवढेच तो ठरवितो, मजकुराशी त्याला कर्तव्य नसते, आणि आलेला तुकडा स्वतःपाशी अडवून ठेवण्यात त्याचा काहीच लाभ नसतो. प्रत्येक मुक्कामी तुकड्याच्या आयुष्याचा आकडा एकाने घटतो व शून्यावर आला की तुकडा रद्द होतो, म्हणजे वाट चुकलेले टपाल अनंतकाळ फिरत राहत नाही. आमच्या सरकारी दफ्तरांत ही तरतूद अद्याप कोणी केलेली नाही! वाटेत गहाळ झालेला तुकडा मूळ यंत्र पुन्हा पाठविते. या वागणुकीचे नियम अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने १ जानेवारी १९८३ पासून सर्वत्र लागू केले.

एक वाट बंद पडली तर दुसरी असावी, हा विचार पॉल बॅरन याने १९६४ साली सविस्तर मांडला होता, आणि त्याचे मोल वाशीम जिल्ह्यातील कारंज्यास वेगळे सांगावयास नको. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आगगाडी कारंज्यावरून जाई, आणि ती थांबली तेव्हा रुळांना पर्यायी दुसरी वाट नव्हतीच.

माणसांच्या परिचयाचे जाळेही अशाच दुव्यांवर उभे असते, मात्र येथे एक विपरीत गोष्ट आढळते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर याने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावी, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांस त्या ओळखीच्या माणसाशी भेट किती वेळा होई असे विचारले. वारंवार, असे १६.७ टक्क्यांनी सांगितले, अधूनमधून असे ५५.६ टक्क्यांनी, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी असे २७.८ टक्क्यांनी. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या लेखातील नमुना लहान होता, तरी त्याचे कारण पटण्याजोगे आहे: भावकी व जिवलग मित्र यांना जे ठाऊक असते ते आपणांसही ठाऊकच असते, नवी वार्ता येते ती दूरच्या, सैल ओळखीतून. शहरांतील हॉटेलांत भरणाऱ्या व्यावसायिकांच्या मेळाव्यांत नित्याच्याच मंडळींनी पुन्हा एकमेकांना कार्डे देण्यापासून फारसे काही निष्पन्न होत नाही, ते मला वाटते यामुळेच.

याउलट मानोरा तालुक्यातील पोहरादेवी पाहावी. सेवालाल महाराजांच्या समाधीपाशी रामनवमीस जो बंजारा समाज लोटतो, तो महाराष्ट्रापुरता नसून तेलंगण, आंध्र व कर्नाटकातूनही येतो. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरणारे यांचे तांडे रेल्वेमुळे एकेका ठिकाणी स्थिरावले. फिरस्तीत आपोआप होणाऱ्या भेटी संपल्या, पण जत्रेने वर्षाकाठची एक भेट राखून ठेवली. ग्रानोव्हेटरच्या वर्गवारीत ही ओळख अगदी शेवटच्या रकान्यात पडेल. येथे दोन अनोळखी माणसे भेटली की आधी आडनाव, मग गोत्र, मग तांडा विचारतात, आणि एवढे जुळले की कोणाचा पुतण्या हैदराबादेस कोणत्या कंपनीत आहे, कोणत्या शहरात मुलीला वसतिगृहात जागा मिळेल, ऊसतोडीची उचल यंदा काय चालली आहे, हा तपशील दोन्हीकडून वाहू लागतो. आणि परतल्यावर तो आपल्या तांड्यातील ज्याच्या उपयोगाचा असेल त्याच्यापर्यंत पोहोचविला जातो.