इअरफोन खराब, की बसवलाच चुकीचा?

मागच्या महिन्यात दोन हजारांचे वायरवाले इअरफोन घेतले आणि जळगाव-धुळे एसटीत कानात घातले. बास गायब! पारोळा येईपर्यंत माझं बोट 'परत करा'वर. शेजारी बसलेला दोस्त म्हणाला, "थांब भो, आधी टिप बदल."

घरी जाऊन मोठी रबरी टिप लावली, बास आला. कानात फट राहिली की पहिला बास निसटतो. त्यात बसची घरघर उरलेला झाकून टाकते. म्हणून पारख शांत खोलीत करा, तोंडपाठ गाण्यांवर. आवाजासाठी मी 'मानिनी' (1961) मधली बहिणाबाईंची गाणी लावतो: शब्द स्पष्ट हवेत, 'स' टोचायला नको. बाससाठी ढोल-ताशा. दोन इअरफोन ताडून बघताना आवाज सारखा ठेवा. मोठा वाजणारा उगाच भारी वाटतो.

आता बांधणी. वायर सुटी होते का बघा. 0.78 मिमीच्या दोन पिनांची असेल, तर तुटल्यावर फक्त वायर बदलायची. जोडाशी हलवा, खरखर आली तर परत करा.

आणि एसटीत आवाज वाढवत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. इअरफोन बदलून मिळतो हो, कान नाही मिळत. भेटू पुढच्या भागात!