नवेगावबांध : माणसांनी बांधलेले सरोवर

कोरपन्याच्या विद्यार्थ्याला 'सरोवर' हा शब्द भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. आपल्या तालुक्यात पाणी नाही असे नाही. उत्तरेच्या सीमेवरून पैनगंगा वाहते, गडचांदूरजवळ अमलनाल्याचे धरण आहे, पकडीगुड्डमचेही आहे. पण ज्याचा दुसरा काठ धुक्यात हरवतो, ज्यात बेट आहे आणि ज्याच्या भोवती गावे वसली आहेत, असे गोड्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर पाहावयाचे तर आपणांस झाडीपट्टीत जावे लागते. तशी संधी आम्हांला गेल्या हिवाळ्यात मिळाली. जे पाहिले आणि त्यावरून जे समजले, ते वाचकमित्रांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

कोरपन्याहून गडचांदूर, राजुरा करीत वर्धा नदी ओलांडली की मुलूख बदलू लागतो. चांदाफोर्ट स्थानकावर गोंदियाची गाडी धरावी आणि खिडकीजवळ बसावे. मूल, सिंदेवाही, नागभीड अशी स्टेशने मागे पडतात, तशी कापसाची काळी शेते संपतात आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. ब्रह्मपुरी सोडल्यावर वैनगंगेचा पूल लागतो, मग वडसा आणि पुढे अर्जुनी. या वाटेवर एक गोष्ट डोळ्यांत भरते. जवळजवळ प्रत्येक गावाजवळ एखादा तलाव किंवा लहानशी बोडी दिसतेच. देवलगाव स्थानकावर उतरले की नवेगावबांध अगदी जवळ आहे. गाव पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे.

तलावाचे प्रथम दर्शन झाले तेव्हा आमच्यातील एकाने विचारले, "हा निसर्गाने केव्हा केला?" प्रश्न साहजिक होता. सुमारे ११ चौरस किलोमीटरचा पाण्याचा पसारा, भोवती दाट जंगलाच्या टेकड्या, काठावर कमळे. यात माणसाचा हात कोठे दिसत नाही. परंतु हा तलाव निसर्गाने केलेला नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी या गृहस्थाने तो बांधला. त्याने काय केले? टेकड्यांच्या रांगेत ज्या खिंडींतून पाणी वाहून जात होते, त्या खिंडी मातीच्या पाळींनी अडविल्या. उरलेली भिंत टेकड्यांनीच पुरविली. थोडी पाळ आणि अफाट पाणी, हेच या बांधणीचे मर्म होय. जागा हेरण्याची ती नजर पाहून आजच्या अभियंत्यानेही मान डोलवावी.

भोवतालच्या डोंगरांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. बांध घालताना या बहिणींनी कोलूला साहाय्य केले, अशी श्रद्धा आहे. खुद्द कोलू पाटील आता कोलासुर देव झाला असून डोंगरावर त्याचे ठाणे आहे. राजे आणि संत यांना देवत्व मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ. तलाव बांधला म्हणून देव झालेला शेतकरी विरळाच.

तलावाच्या मध्यभागी एक बेट आहे. त्याचे नाव मालडोंगरी. नावातच त्याचा इतिहास आहे. बेटाला 'डोंगरी' का म्हणावे? कारण पाणी चढण्यापूर्वी ती डोंगरीच होती. खोरे भरत गेले, पायथा बुडाला आणि माथा तेवढा वर राहिला. काठावर उभे राहून बेटाकडे पाहताना, आपण एका बुडालेल्या दरीच्या काठावर उभे आहोत हे ध्यानात येते आणि अंगावर काटा येतो.

हे कोहळी लोक कोण? ते उत्तरेकडून, काशीच्या बाजूने आले आणि गोंड राजांनी त्यांना येथे वसविले, अशी परंपरा सांगते. तलाव बांधणे आणि ऊस पिकविणे यांत त्यांचा हातखंडा होता. चांद्याच्या गोंड राजांचे धोरणही मोठे शहाणपणाचे होते, असे सांगतात. जो जंगल तोडून गाव वसवील त्याला गाव, आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. राजाच्या खजिन्यातून फारसे काही न जाता मुलूखभर पाणी साठले. पूर्व विदर्भात आजही असे साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव मोजले जातात.

येथे कोणी विचारील, मग आपल्या कोरपन्याकडे असे तलाव का नाहीत? आम्हीही तोच प्रश्न केला. उत्तर जमिनीत आणि पिकात आहे. झाडीपट्टीत पाऊस अधिक, जमीन हलक्या उताराची, खाली कठीण खडक. तेथील मुख्य पीक धान. रोवणा झाल्यावर बांधीत पाणी उभे राहावे लागते आणि पाऊस नेमका हस्ताच्या सुमारास दगा देतो. त्या एका पाण्यासाठी तलाव. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. नुसत्या तिचीच पाळ घातली तर टिकणे कठीण. आपल्याकडचा चुनखडीचा दगड सिमेंटला उत्तम, पण पाणी धरून ठेवण्यास तितका नव्हे. शिवाय कापसाच्या मुळाशी पाणी साचले तर पीकच जाते. तेव्हा आपले पूर्वज आळशी होते असे नाही. त्यांची गरज निराळी होती.

जुन्या तलावाची रचना समजून घेण्यासारखी आहे. पाणी अडविते ती पाळ. जादा पाणी जाण्यासाठी सांडवा. शेताला पाणी सोडण्याचे दार म्हणजे तुडुम. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या बोडीत, तिथून त्याखालच्या बोडीत. एक थेंबही उगाच नदीला जाऊ नये, अशी ही साखळी. उन्हाळ्यात तळाचा गाळ काढून लोक बांध्यांत टाकीत. तलाव खोल होई आणि शेताला खत मिळे. पाण्यात मरळ, मांगूर. काठाच्या उथळ पाण्यात आपोआप उगवणारे देवधान. मासे धरणारे ढिवर लोक तर तलावाचा तळ न् तळ जाणतात.

मग हे सारे ढासळले कसे? इंग्रजी अमलात गावे मालगुजारांकडे होती आणि तलावांची देखभाल त्यांच्याकडे. आपला राजुरा-कोरपना भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने हा शब्द आपल्याकडे फारसा रुळला नाही. जुन्या मध्यप्रदेशात १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली, १९५१ पासून तलाव सरकारचे झाले आणि त्यांचे नाव पडले 'माजी मालगुजारी तलाव'. मालगुजारीत वेठ होती, जुलूम होता. ती गेली हे योग्यच झाले. परंतु मालकाबरोबर राखणदारही गेला. पूर्वी पाळ फुटली की गाव धावत असे, आता कागद धावतो, असे काठावरच्या एका वृद्ध ढिवराने आम्हांला सांगितले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेच आम्हांला अधिक लागले. अनेक तलाव गाळाने उथळ झाले, काठांवर बेशरमाची झुडपे माजली. २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली, ती एका परीने त्या जुन्या रीतीचीच आठवण म्हणावी लागेल.

नवेगाव त्या मानाने भाग्यवान. १९७५ मध्ये भोवतालचे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. हिवाळ्यात येथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. वनाधिकारी म्हणून येथे राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी या तलावाला मराठी साहित्यात कायमचे स्थान दिले. येथील जंगल आणि पाखरे त्यांना उलगडून दाखविणारे माधवराव पाटील डोंगरवार हे नवेगावचेच. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. ज्या गावाने अधिकाऱ्याला शिकविले, त्या गावाचे ज्ञान आता कोण लिहून ठेवणार, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसऱ्या दिवशी गोठणगावकडे गेलो. तेथे गाढवी नदीवर इटियाडोहचे मोठे धरण आहे. ते १९७० च्या सुमाराचे, सरकारी अभियंत्यांचे काम. जवळच तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ मध्ये वसलेली. हिमालयापलीकडची माणसे धानाच्या मुलखात शेती करतात आणि हिवाळ्यात स्वेटर विकावयास शहरोशहरी जातात. प्रतापगडाच्या डोंगरावर महाशिवरात्रीची यात्रा भरते आणि तेथेच दर्गाही आहे. पाण्याच्या आश्रयाला कोण कोण येते, याचे हे जिवंत चित्र!

परतताना वैनगंगेच्या पुलावर एक विचार सुचला. नवेगावकडचे पाणी वैनगंगेला मिळते. आपले पाणी पैनगंगेतून वर्धेला. पुढे चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता बनतात. म्हणजे झाडीपट्टी आणि कोरपना यांची गाठ शेवटी पडतेच. कोलू पाटलाचा तलाव आपण येथे उचलून आणू शकत नाही, आणू नयेही. परंतु त्याने आधी जमीन ओळखली, मग पाळ घातली, आणि पाळ राखणे हे गावाचे काम मानले गेले. यातले पहिले आणि शेवटचे तर आपणांस करता येईल? मित्रहो, येत्या उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येकाने आपल्या गावचा एक नाला, एक बंधारा, एक विहीर नीट पाहून तिची हकीकत लिहून आणावी. पुढील वर्षीच्या अंकाला ती पुरेल, आणि गावालाही उपयोगी पडेल.