अधिवेशनासाठी गणपतीपुळे पाहताना

संस्था लहान असो की मोठी, अधिवेशन कुठं घ्यायचं हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "या वेळी समुद्रकाठी जाऊ या." त्यावर मतदान घ्यावं लागत नाही. आमचंही तसंच झालं. सांगली-कोल्हापूरकडच्या सार्वजनिक आणि शालेय ग्रंथालयांत काम करणाऱ्या मंडळींचा आमचा एक गट आहे. दोन वर्षांतून एकदा आम्ही दोन दिवस एकत्र येतो. संख्या सव्वाशेच्या घरात, आणि त्यातले बरेचजण मुलाबाळांसह येतात. या खेपेला गणपतीपुळे ठरलं आणि जागा पाहून येण्याचं काम माझ्याकडे आणि आमच्या खजिनदार ताईंकडे आलं. समुद्रकाठच्या गावाची अशी पाहणी कशी करावी, याबद्दल आज थोडं सांगतो.

आधी पोहोचण्याचं. आम्हा घाटावरच्या लोकांना कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे येणं सोयीचं. मुंबईकडच्या पाहुण्यांना कोकण रेल्वे आहे. रत्नागिरी स्टेशनपासून पुढं दोन रस्ते आहेत. एक निवळीवरून आतून जातो, तो लांबचा. दुसरा आरे-वारेचा, समुद्राला धरून जाणारा, साधारण पंचवीस किलोमीटरचा. हा दुसरा इतका देखणा आहे की सगळे त्यावरूनच जायचा आग्रह धरतात. पण चढ-उतार आणि वळणं बरीच आहेत. पन्नास माणसांची मोठी बस आणि पोटात ढवळणारे प्रवासी असतील, तर येताना निवळीवरून यावं आणि आरे-वारे परतीच्या दिवशी उजेडात ठेवावं. रस्त्याची सध्याची अवस्था नकाशाला विचारू नये, आदल्या आठवड्यात जाऊन आलेल्या ड्रायव्हरला विचारावी. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी सुरू होतं, पूर्वी ते एकशेवीस दिवस आधी होत असे. म्हणजे तारीख ठरली की पाहुण्यांच्या तिकिटांसाठी तो साठावा दिवस वहीत लिहून ठेवायचा.

आता जागा. खोली दाखवणारा माणूस तुम्हाला नेहमी समुद्राकडची खोली दाखवतो. आपण म्हणायचं, "सगळ्यात मागची, सगळ्यात वरची दाखवा." गणपतीपुळं डोंगराच्या उतारावर वसलेलं गाव. राहण्याच्या जागा टप्प्याटप्प्यानं चढत जातात, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांनी. मागच्या खोलीपासून सभागृहापर्यंत किती पायऱ्या आहेत, त्या मोजल्या. एके ठिकाणी बासष्ट निघाल्या, मध्ये कठडा नाही. आमच्यात गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले चौघं आहेत. ती जागा तिथंच बाद झाली, दर सर्वांत कमी असूनही. ताईंना दराचं वाईट वाटलं, पण पायऱ्या त्यांनीही मोजल्या होत्या.

सभागृहाचंही असंच. काचेच्या खिडक्यांतून समुद्र दिसतो म्हणून आपण खूश होतो. पण आपला किनारा पश्चिमेचा. दुपारी तीननंतर ऊन समोरून आत येतं आणि पडद्यावरची चित्रं पुसून जातात. म्हणून सभागृह सकाळी न पाहता दुपारी साडेतीनला पाहावं, पडदे ओढून पाहावं, आणि शेवटच्या रांगेत बसून दुसऱ्याला माइकशिवाय बोलायला सांगावं. लाटांचा आवाज कानाला गोड लागतो, पण मागे बसलेल्याला वक्ता ऐकू येत नाही. वीज गेली तर जनरेटरवर काय काय चालतं, तेही बटण दाबूनच पाहावं. पाण्याचंही विचारावं. कोकणात पाऊस धो धो पडतो, म्हणून पाणी भरपूर असेल हा घाटावरचा गैरसमज आहे. जांभ्यातून ते झिरपून जातं, आणि एप्रिल-मेमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या कित्येक गावांना टँकर लागतो.

पण या सगळ्यापेक्षा जास्त वेळ आम्ही ज्यावर घालवला, तो विषय वेगळा आहे. आमच्या कार्यकारिणीनं दोन शनिवार-रविवार सुचवले होते. पहिल्यात दुसरा शनिवार येत होता. शाळांच्या ग्रंथपालांना सुटीच. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांना एक रजा टाकावी लागणार होती. साहजिकच सगळ्यांचा कौल पहिल्याकडे. आम्ही कॅलेंडर उघडलं तर त्या पहिल्या शनिवारी संकष्टी चतुर्थी.

गणपतीपुळ्यात संकष्टी म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. देऊळ अगदी समुद्राला लागून, मूर्ती स्वयंभू, तोंड पश्चिमेला. मागचा डोंगरच गणपतीचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा साऱ्या डोंगराला, सुमारे एक किलोमीटरची. संकष्टीला, त्यातून शनिवारी, वाहनं लावायला जागा मिळणं कठीण. मंगळवारची अंगारकी असेल तर बोलायलाच नको. पण गर्दी हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं आम्हाला पुळणीवर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी सांगितलं. आम्ही विचारलं, "काका, त्या दिवशी संध्याकाळी भरती असेल का?" त्यांनी तारीख विचारलीच नाही. "तिथी कुठची?" म्हणाले.

किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. यामागचं कारण सोपं आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरती त्याच्या मागोमाग उशिरा सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, ती त्याच्या जवळपास. हा हिशेब अंदाजाचा आहे. गावागावानुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून छापील भरती-ओहोटीचं कोष्टकही पाहावं. पण तारीख ठरवायला तो पुरतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती. रत्नागिरीकडे पाणी तेव्हा साधारण दोन मीटर चढतं-उतरतं. अष्टमीच्या आगेमागे दोघांची ओढ काटकोनात असते. ती भांगाची भरती, आणि हा फरक जवळपास निम्म्यावर येतो. मुंबईला हे आकडे याहून पुष्कळ मोठे असतात, तिथल्या अनुभवावर कोकणातला समुद्र जोखू नये.

आता हे आमच्या वेळापत्रकाला लावून पाहू. सत्रं पाचला संपणार. थंडीच्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या सुमारास बुडतो, म्हणजे साडेपाचला सव्वाशे माणसं पुळणीवर उतरणार. संकष्टीच्या दिवशी भरती तीनला झालेली. साडेपाचला पाणी ऐन ओसरण्याच्या भरात, मागे ओढणारं. पुढच्या शनिवारी एकादशी. त्या दिवशी भरती सव्वाआठला, म्हणजे साडेपाचला पाणी हळूहळू चढत असणार. चढतं पाणी माणसाला किनाऱ्याकडे ढकलतं, उतरतं पाणी आत नेतं. म्हणून चढत्या पाण्यात निर्धास्त व्हावं असं अजिबात नाही. पण निवड करायची झाली तर ती कोणती करावी, याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही.

गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला सौम्य आहे आणि तेच त्याचं वाईट. जागोजागी इशाऱ्याचे फलक आहेत. तरी दरवर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्यात बहुतेक पाहुणेच असतात. लाटा फुटून किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. ते एखाद्या अरुंद वाटेनं जोरात आत जातं. दोन्ही बाजूंना लाटा फेसाळत असतात आणि मध्ये एक पट्टा शांत दिसतो, तीच ती वाट. पोहता न येणारा माणूस नेमका तिथंच उतरतो, कारण तिथं लाट नाही. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे हात मारत दमून जायचं नाही. अंग सैल सोडून तरंगायचं, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि हात वर करून हाक मारायची. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्यांपैकी 14 विद्यार्थी बुडाले. मुलं कॉलेजातली होती, शिक्षक बरोबर होते. सहल नेणाऱ्या कुणालाही हा आकडा विसरता येऊ नये.

म्हणून किनाऱ्यावर आम्ही तीन गोष्टी विचारल्या: जीवरक्षक कोण, किती, आणि किती वाजेपर्यंत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तीन जणांनी तीन तऱ्हेनं दिलं. तेव्हा आमच्या संध्याकाळच्या दीड तासासाठी गावातलेच दोन पोहणारे मोबदला देऊन ठरवले. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र मालगुंडला आहे, मोठं रुग्णालय रत्नागिरीला. म्हणजे गाठीशी एक गाडी, ड्रायव्हरसह, रात्रंदिवस हवी. हा खर्च ताईंनी कुरकुर न करता मांडला.

मालगुंडचं नाव निघालं म्हणून सांगतो. ते गाव इथून हाकेच्या अंतरावर, आणि ते केशवसुतांचं जन्मगाव. त्यांच्या घराच्या परिसरात सुरेख स्मारक आहे. दादरहून रात्री सुटून सकाळी रत्नागिरीत येणाऱ्या गाडीला 2017 मध्ये 'तुतारी एक्स्प्रेस' हे नाव मिळालं, ते त्यांच्याच कवितेवरून. मुंबईचे पाहुणे त्याच गाडीनं येतील. आणि रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. ग्रंथपालांनी त्याच्या दारावरून तसंच पुढं जाणं बरं दिसलं नसतं. रविवारी दुपारी परतीच्या वाटेवर ते ठेवलं आहे. थिबा राजवाडा मात्र वेळ उरला तरच.

कार्यकारिणीत तारखेवरून बरीच वादावादी झाली. शाळेतल्या ग्रंथपालांचं म्हणणं खोटं नव्हतं; रजा त्यांची जाणार होती, आमची नाही. एक बाई म्हणाल्या, "सर, आम्ही पाण्यात उतरणारच नाही, मग भरतीचं काय?" मी त्यांना एवढंच विचारलं, की तुमची नातवंडंही उतरणार नाहीत का. त्या गप्प झाल्या. शेवटी एकादशीचा शनिवार मंजूर झाला, आणि रजेच्या बदल्यात शालेय ग्रंथपालांची वर्गणी शंभर रुपयांनी कमी करायची असं ठरलं.

निमंत्रणपत्रिका आता छापून आली आहे. सत्रांच्या वेळांखाली दोन्ही दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा दिल्या आहेत, आणि त्याखाली एक ओळ: कृष्ण पक्षातली एकादशी आहे, रात्री चांदणं नसेल, प्रत्येकानं बॅटरी आणावी.